सिस्टर आणि अकरा प्रश्न

आमच्या सिस्टरना फोनवर बोलता येत नव्हतं. त्या ओरडायच्या. चोवीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काढलेली बाई. या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या खाटेवरच्या माणसाला दटावायची सवय. फोन आपोआप आवाज पोचवतो यावर त्यांचा विश्वासच नव्हता. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून त्या आमच्या संशोधन केंद्रात फोन करायच्या कामाला लागल्या आणि नेमकं माझ्या शेजारचं टेबल त्यांना मिळालं. माझं नशीबच तसलं.

मी तिथे आकडे भरते. लोकांनी काय उत्तर दिलं ते कागदावर येतं, ते मी कॉम्प्युटरवर चढवते. 'होय' म्हणजे एक, 'नाही' म्हणजे दोन, 'उत्तर दिलं नाही' म्हणजे नऊ. असल्या कामानं बाई खवचट होते असं माझे मिस्टर म्हणतात. मी आधीपासूनच खवचट होते, काम मागाहून मिळालं.

केंद्र म्हणजे फार मोठं प्रकरण समजू नका. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीचा तिसरा मजला. पूर्वी तिथे चादरी आणि उशांचे अभ्रे ठेवायचे. फळ्या काढल्या, पण भिंतीला खिळ्यांची भोकं तशीच राहिली, आणि त्या भोकांवर साहेबांनी पोस्टरं चिकटवली. डोंगर चढणारा माणूस, पहाटे धावणारा माणूस, समोरची बशी बाजूला सारणारा माणूस. तिघंही धडधाकट, दात पांढरेशुभ्र. यांना कसला आलाय आजार? लिफ्ट महिन्यातले पंधरा दिवस बंद. मधुमेहाचे पेशंट तीन जिने चढून धापा टाकत यायचे आणि त्या डोंगरवाल्याच्या खाली बसून पाणी मागायचे.

साहेब मानसशास्त्रज्ञ. दारावर पितळी पाटी होती, पण आम्ही त्यांना निर्धारसाहेब म्हणायचो, कारण त्यांचं एकही वाक्य निर्धाराशिवाय पुरं होत नसे. माणूस गोळ्या का चुकवतो, चालायला का जात नाही, गोड का सोडत नाही, यावर त्यांनी बावीस वर्षं डोकं खपवलं आणि शोध असा लावला की त्याच्यात निर्धार कमी पडतो. हेच माझ्या सासूबाई बावीस सेकंदांत सांगतात, तेही भाजी निवडता निवडता. पण सासूबाईंना कोणी परदेशी व्याख्यानाला बोलवत नाही.

आता प्रयोग काय होता ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एकशेवीस मधुमेही माणसं घेतली, त्यांचे दोन गट केले आणि वर्षभर त्यांच्यावर नजर ठेवायची ठरवली. 'अ' गट म्हणजे लाडका. त्यांना गुळगुळीत कागदाची पुस्तिका, खिशात बाळगायची कार्डं, आणि दर गुरुवारी मधाळ आवाजाच्या दोन मुलींचा फोन. कार्डांवर साहेबांनी स्वतः रचलेली वाक्यं: 'जर समोर केक आला, तर मी एक ग्लास पाणी पिईन.' 'जर कंटाळा आला, तर मी बूट घालीन.' जन्मात जे केलं नाही ते कार्डावर छापून दिलं की माणूस करायला लागतो, अशी साहेबांची श्रद्धा. 'ब' गटाला यातलं काही नाही. त्यांना दर गुरुवारी फोन करून फक्त अकरा प्रश्न विचारायचे, आकडा लिहायचा, फोन ठेवायचा. तुलनेला कोणीतरी कोरडं लागतं ना, ते हे साठ जण.

सिस्टरना पहिल्या दिवशी साहेबांनी समोर बसवून एक फोन करायला लावला. दोन मिनिटं ऐकलं आणि कानात बोट घालून फिरवलं. म्हणाले, "तुमच्या आवाजात प्रेरणा नाही."

"मग काय आहे?" सिस्टरनी विचारलं.

"तुम्ही 'ब' गट घ्या," साहेब म्हणाले.

मग त्यांना नियम समजावून दिले. कागदावरचा प्रश्न जसाच्या तसा वाचायचा. उत्तर आलं की म्हणायचं, 'ठीक आहे, पुढचा प्रश्न.' यापलीकडे अवाक्षर नाही. 'बरं' म्हणायचं नाही, कारण 'बरं' मध्ये शाबासकी येते. 'अरेरे' तर नाहीच नाही. एक शब्द जरी जास्त पडला तरी निष्कर्ष नासतो, असं साहेबांनी तीनदा सांगितलं. सिस्टर मान हलवत होत्या. वॉर्डात डॉक्टरांसमोर मान हलवायची आणि डॉक्टर गेले की आपल्याला हवं तेच करायचं, ही त्यांची चोवीस वर्षांची साधना, हे बिचाऱ्या साहेबांना कुठून ठाऊक असणार?

तीन गुरुवार त्यांनी कसेबसे काढले. 'ठीक आहे, पुढचा प्रश्न' असं म्हणताना त्यांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा व्हायचा. लिहायला हात मोकळा हवा म्हणून त्या स्पीकर लावायच्या, त्यामुळे पलीकडचं सगळं माझ्या कानावर पडायचं. चौथ्या गुरुवारी घड्याळवाले फोनवर आले.

घड्याळवाले म्हणजे साठीचे एक गृहस्थ. बाजारपेठेत जिन्याखालची एवढीशी जागा, तिथे बसून घड्याळं दुरुस्त करायचे. तेरा वर्षांचा मधुमेह. अशा जुन्या दुखण्यात पायांची जाण जाते. खडा रुतला, भाजलं, कापलं, काही समजत नाही, आणि समजतं तेव्हा पाय काळा पडलेला असतो. म्हणून अकरातला सातवा प्रश्न असा: गेल्या सात दिवसांत किती दिवस तुम्ही स्वतःचे तळपाय तपासलेत?

"सातही दिवस," घड्याळवाले म्हणाले.

सिस्टरनी आकडा लिहिला नाही. "काय दिसलं?"

"म्हणजे?"

"सात दिवस बघितलंत ना? मग उजव्या अंगठ्याच्या खाली काय आहे ते सांगा."

पलीकडून हळूच आवाज आला, "थांबा जरा, मोजा काढतो."

मी माझं काम थांबवून ऐकत होते. उजव्या पायाला काही नव्हतं. डाव्या टाचेत एक स्क्रू निघाला. घड्याळातला, मोहरीएवढा. दोन दिवसांपूर्वी हातातून निसटला म्हणून त्यांनी सगळं टेबल पालथं घातलं होतं, गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगितलं होतं, आणि स्क्रू हा त्यांच्याच टाचेत बसलेला. त्यावरून ते दोन दिवस चालत होते.

"दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं बघता," सिस्टर कडाडल्या, "तेच भिंग लावून स्वतःचा पाय बघायला काय धाड भरते? आत्ताच्या आत्ता दुकान बंद करा आणि दवाखान्यात जा. मी चार वाजता पुन्हा फोन करते." मग कागदावर सातव्या प्रश्नापुढे शून्य लिहिलं, कारण खोटा आकडा लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, "तू काय बघतेस? आकडे भर."

तिथून पुढे नियमांचं काय झालं ते विचारूच नका. सिस्टर अकरा प्रश्न वाचायच्या, पण प्रत्येक प्रश्नाला शेपूट. बस ड्रायव्हरला विचारायच्या, गोळ्या घेतल्या म्हणता तर डबीत किती उरल्या, मोजून सांगा. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारायच्या, चालता म्हणता तर कोणत्या रस्त्यानं, आणि त्या रस्त्यावर आज काय उघडं होतं. कोणी थाप मारली की त्यांना लगेच कळायचं आणि मग त्या माणसाची खैर नसे. गंमत अशी, की एवढी बोलणी खाऊनही लोक फोन उचलायचे. गोड मुलींच्या 'अ' गटात दर आठवड्याला दहा-बारा जण फोन घ्यायचे नाहीत. सिस्टरच्या यादीत मला नऊचा आकडा जवळजवळ भरावाच लागला नाही. घड्याळवाले तर गुरुवारी सकाळी दुकान उघडण्याआधी पाय तपासून, काय काय दिसलं ते चिठ्ठीवर लिहून तयार बसायचे. शाळेत धडा म्हणून दाखवावा तसं वाचून दाखवायचे. "डावा तळवा, साफ. करंगळीच्या बाजूला कातडी कोरडी." सिस्टर म्हणायच्या, "मलम लावा. बोटांच्या मध्ये नको." झालं. पुढचा प्रश्न.

मी हे सगळं ऐकत होते आणि नाक मुरडत होते. नियम म्हणजे नियम. आम्ही इथे मान मोडून आकडे भरायचे आणि ही बाई येऊन खुशाल वॉर्ड चालवणार? शिवाय माझं त्यांच्याशी जमत नव्हतं हे कबूल करते. मला ब्लड प्रेशर आहे. सिस्टर रोज सकाळी पर्स टेबलावर ठेवायच्या आधी, भर ऑफिसात, त्या प्रेरणावाल्या मुलींच्या समोर विचारायच्या, "गोळी घेतलीस का गं?" एकदा तर खाली वाकून माझ्या घोट्यावर अंगठा दाबला आणि खळगा पडला तो सगळ्यांना दाखवला. "बघ, सूज आहे. मीठ कमी कर." दोघी मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. मी ते मनात धरून ठेवलं. माझी स्मरणशक्ती अशा बाबतीत फार चांगली आहे.

सहा महिन्यांनी सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. आकडे मीच भरले, त्यामुळे साहेबांच्या आधी मला कळलं. 'अ' गटाची साखर थोडी उतरली होती. 'ब' गटाची जास्त उतरली होती. ज्यांना काहीच द्यायचं नव्हतं ते सुधारले होते, आणि पुस्तिका, कार्डं, मधाळ आवाज यांचं पितळ उघडं पडलं होतं.

साठ माणसं बरी होत चाललीत म्हटल्यावर कोणी पेढे नाही तरी चहा तरी मागवला असता. साहेबांच्या चेहऱ्यावर प्रेतकळा. वर्ष संपताच मोठी परिषद, तिथे त्यांचं भाषण, आणि भाषणाचं नाव आधीच छापून गेलेलं. त्यांनी तीन दिवस दार लावून घेतलं. चौथ्या दिवशी मला आत बोलावलं.

"आकडे भरताना गट उलटसुलट झाले असतील," साहेब म्हणाले.

"नाही झाले."

"मग चूक कुठे आहे? कुठेतरी चूक आहे. आकड्यांची जबाबदारी तुमची. मला वर कळवावं लागेल."

आता खापर माझ्या डोक्यावर फुटणार हे दिसलं. पण खरं सांगायचं तर नुसतं तेवढंच नव्हतं. माझ्या घोट्यावरचा तो खळगाही मला त्याच वेळी आठवला. मी म्हणाले, "साहेब, चूक आकड्यांत नाही. सिस्टर लोकांशी बोलतात."

सिस्टरना लगेच बोलावणं आलं. मी दारापाशीच घुटमळत होते.

"तुम्ही सहभागी लोकांशी बोललात?" साहेबांनी विचारलं.

"फोनवर आणखी काय करतात?"

"सिस्टर, तुम्ही माझा सगळा 'ब' गट दूषित केलात."

सिस्टरनी विचारलं, "दूषित म्हणजे, जखमा चिघळल्या का कोणाच्या?"

"माहिती दूषित झाली."

"असं होय," सिस्टर म्हणाल्या. "मी घाबरले ना." आणि त्या बाहेर आल्या, पर्स घेतली, चष्मा घेतला, यादीवरून एकदा नजर फिरवली आणि जिना उतरून गेल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. मी आकडे भरण्यात गर्क असल्याचं सोंग केलं.

मग साहेबांनी डोकं चालवलं. ते सहा महिने प्रयोगाचे नव्हतेच, ती पूर्वतयारी होती, असं त्यांनी ठरवलं. खरी मोजणी आता सुरू. साठ माणसांची उतरलेली साखर एका सहीनं बाजूला काढली. आणि पुन्हा कोणा बाईचा भरवसा नको म्हणून 'ब' गटाला मशीनचे फोन लावले. रेकॉर्ड केलेला आवाज साहेबांच्या पुतणीचा. 'सातवा प्रश्न. गेल्या सात दिवसांत किती दिवस तुम्ही स्वतःचे तळपाय तपासलेत? आकडा दाबा. धन्यवाद.' मशीनला प्रेरणाही नव्हती आणि घसाही नव्हता, त्यामुळे साहेब खूश.

पहिल्या दोन आठवड्यांत निम्म्या लोकांनी फोन उचलणं सोडलं. नऊ, नऊ, नऊ. माझी बोटं त्या एका आकड्यावर बसून राहायची. जे उचलत होते ते भराभर उत्तरं दाबायचे. घड्याळवाल्यांची ओळ तर बघण्यासारखी: दर गुरुवारी सात, सात, सात. साहेबांनी ती ओळ, नाव झाकून, एका बैठकीत पडद्यावर दाखवली. म्हणाले, हा माणूस बघा, कोणी काही न सांगता असं सातत्य. काही जणांत निर्धार उपजतच असतो.

बाराव्या आठवड्यात त्या ओळीत मधेच एक शून्य आलं. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "आधीचे सगळे सातच आहेत ना? मग बोट घसरलं असणार. दुरुस्त करा." एकुलता एक विचित्र आकडा आला की तो घसरलेल्या बोटाचा धरायचा, असा आमच्याकडे लेखी नियमच आहे. मी दुरुस्त केला. एक आकडा पुसून दुसरा टाकायला कितीसा वेळ लागतो?

वर्ष संपलं. शेवटच्या तपासण्या सुरू झाल्या आणि 'ब' गटाची साखर चढलेली निघाली. रोज नवे रिपोर्ट यायचे, रोज आकडे वाईट, आणि साहेबांचा चेहरा रोज जास्त उजळ. दोन गटांत झकास अंतर पडलं होतं. सिद्धांत खरा ठरला. त्यांनी स्वतःच्या हातानं आम्हाला केक कापून दिला, आणि कार्डावर लिहिल्याप्रमाणे एकानंही पाणी प्यायलं नाही. मी दोन तुकडे खाल्ले.

शेवटच्या मुलाखतींना माणसं कमी पडली म्हणून मलाही बसवलं. एका सकाळी खालच्या दरवानाचा निरोप आला: एक गृहस्थ आलेत, त्यांना जिना चढता येत नाही, आणि लिफ्ट बंद आहे. मी कागद घेऊन खाली गेले. बाकावर घड्याळवाले बसले होते. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आवाजावरून ओळखलं. शेजारी दोन कुबड्या. डाव्या पायाला जाड पट्टी, आणि ती पट्टी जिथे संपायला हवी त्याच्या अर्ध्यावरच संपली होती.

"आकडे भरणाऱ्या बाई तुम्हीच का?" ते म्हणाले. "सिस्टर सांगायच्या, शेजारी एक बसते, कधी हसत नाही म्हणून."

मी विचारलं, हे कसं झालं. नवा बूट चावला, ते म्हणाले. फोड आला, फुटला, त्यांना पत्ता नाही. बायकोला वास आला तेव्हा कळलं. पुढचा अर्धा पाय काढावा लागला.

"पण तुम्ही तर दर आठवड्याला सात दाबत होतात," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. मला त्यांचा राग आला होता, खरंच सांगते. माणूस खोटं बोलला आणि वर पाय घालवून बसला.

"सात दाबलं की ती पोरगी धन्यवाद म्हणते आणि पुढे जाते," घड्याळवाले म्हणाले. "एकदा मी शून्य दाबून बघितलं. म्हटलं, बघू कोणी विचारतंय का. तर म्हणाली, धन्यवाद. पुढचा प्रश्न. मग दोन-चार दिवस वाट बघितली. फोन काही आला नाही."

मी कागदाचं पान उलटलं.

"सिस्टर का गेल्या हो?" त्यांनी विचारलं. "माझ्यावर रागावल्या का? शेवटच्या फोनला मी जरा तिरसटासारखा बोललो होतो. दर गुरुवारी काय माझे पाय घेऊन बसता, म्हणालो. गिऱ्हाईक समोर होतं. त्यानंतर त्यांचा फोनच बंद झाला. बायकोला मी म्हणालो पण, आपल्याच तोंडानं घालवलं आपण. मग ते पाय बघणंही नको वाटायला लागलं. बघायला बसलं की तेच आठवायचं."

"त्यांची बदली झाली," मी म्हणाले. एवढं खोटं बोलायला मला काही कष्ट पडले नाहीत.

शेवटच्या पानावर प्रश्न होता: पथ्य आणि तपासणी न पाळण्याचं मुख्य कारण. एक, निर्धार कमी. दोन, वेळ कमी. तीन, माहिती कमी. मी वाचून दाखवलं. घड्याळवाले म्हणाले, "एकच लिहा. दुसरं काय?" आणि मी एक लिहिलं. मग ते कुबड्या सावरत उठले, सिस्टर भेटल्या तर नमस्कार सांगा म्हणाले, आणि मी बरं म्हणाले.

त्या दिवशी मी वर गेलेच नाही. रजिस्टरमधून सिस्टरचा पत्ता मला माहीत होता. सरळ तिकडे गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. सिस्टर एकट्याच असतात, लग्न केलं नाही. भाचरांची शिक्षणं केली, ती पांगली. दार उघडलं तेव्हा त्या चादरीला इस्त्री करत होत्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून, वॉर्डातल्यासारखी. मला वाटलं दार तोंडावर आपटतील. त्या म्हणाल्या, "शेवटच्या तपासण्या झाल्या?"

"हो."

"घड्याळवाल्यांचा पाय?"

माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"कुठला?"

"डावा."

"कुठपर्यंत?"

"पुढचा अर्धा."

त्या खुर्चीवर बसल्या. मी उभीच होते. म्हणाले, "सिस्टर, साहेबांना मी सांगितलं होतं."

"माहीत आहे मला. तुझ्याशिवाय ऐकायला होतं कोण तिथे?" आवाज अगदी खालचा. त्या मला चार शिव्या घालतील, ओरडतील, असं धरून मी आले होते. तसं झालं असतं तर मीही भांडले असते आणि मोकळी होऊन घरी गेले असते. त्यांनी ती सोय ठेवली नाही. मग मी सगळंच सांगितलं. पुतणीचा आवाज, तो शून्याचा आकडा, बोट घसरल्याचा नियम, आणि घड्याळवाल्यांना वाटतंय की त्यांच्याच बोलण्यामुळे सिस्टर गेल्या.

"असं वाटतंय त्यांना?" सिस्टर पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या. "मग उजवाही जाईल. पाय कापलेल्या माणसांच्या वॉर्डात नऊ वर्षं होते मी. सगळे एकच बोलायचे, सिस्टर, चूक माझीच. जो जास्त बोलायचा तो वर्षात दुसऱ्या पायासाठी परत यायचा. स्वतःची लाज वाटली की माणूस स्वतःकडे बघत नाही गं. तुझ्या साहेबाला बावीस वर्षांत एवढं कळलं नाही?"

त्यांनी टेबलावरचा फोन ओढला आणि नंबर लावला. कुठे बघावा लागला नाही, पाठ होता. पलीकडे घंटा वाजायला लागली तसा त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"फोन का बंद झाला ते तू सांग त्यांना. तुझ्या तोंडानं. मग मी बोलते."

मी म्हणाले, मला नाही जमणार. सिस्टरनी फोन परत घेतला नाही. पलीकडून घड्याळवाले "हॅलो, कोण?" म्हणाले. मी कोण ते सांगितलं. बदली झाली नाही, मी चुगली केली म्हणून सिस्टरना काढलं, तुमच्या बोलण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं सांगितलं. आणि तेही सांगितलं, की बाराव्या आठवड्यात तुम्ही शून्य दाबलंत ते माझ्याकडे आलं होतं आणि मी ते पुसून सात केलं.

मला वाटलं, आता ते फोन ठेवतील.

मग म्हणाले, "म्हणजे कोणीतरी बघितलं होतं तर."

मी म्हणाले, हो, बघितलं होतं.